स्नोमोबाइलचा टेंपरेचरचा लाल दिवा मधूनच लागतो, मधूनच विझतो – मदत हवी

बर्फवाट
नमस्कार मंडळी. मी हॉटनला राहतो, मिशिगनचा अगदी वरचा तुकडा, लेक सुपिरिअरच्या काठाला. शिकायला आलो होतो, नोकरी पण इथंच लागली. ज्यांना कल्पना नाही त्यांच्यासाठी सांगतो, या केविनॉ भागात १९७८-७९ च्या हिवाळ्यात ३९०.४ इंच बर्फ पडला होता, म्हणजे जवळजवळ दहा मीटर, त्या आकड्याची रस्त्याच्या कडेला उंच पाटी पण उभी केलेली आहे. तर इथं हिवाळ्यात घरात बसून राहायचं नसेल तर स्लेड, म्हणजे स्नोमोबाइल, लागतेच.

गेल्या नोव्हेंबरात शेजारच्या गावातल्या एका माणसाकडून जुनी गाडी घेतली. २००४ चं मॉडेल, ६०० सीसी, दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक, लिक्विड कूल्ड, कार्ब्युरेटरवाली, दोरी ओढून स्टार्ट, बॅटरी नाही. मीटरमध्ये टेंपरेचरचा काटा नाही, नुसता एक लाल दिवा आहे आणि सगळी भानगड त्या दिव्याचीच आहे. मधूनच लागतो. कधी डोळा मारल्यासारखा लागून जातो, कधी दोन-तीन मिनिटं लागून राहतो, मग आपोआप विझतो. परवा बाहेर उणे १८ होतं, एवढ्या थंडीत इंजिन तापेलच कसं हेच मला कळत नाही. इथल्या एका दुकानात दाखवली, त्यांनी आत शेडमध्ये वीस मिनिटं चालू ठेवली, दिवा काही लागला नाही, म्हणाले सगळं ठीक आहे, आणि तपासणीचे पैसे घेतले. घरी येताना परत लागला.

मला खरी भीती आहे ती रस्त्यापासून पंचवीस-तीस किलोमीटर आत जंगलात इंजिन सीज झालं, म्हणजे पिस्टन अडकून बंद पडलं, तर याची. बायको मागे बसलेली असते, फोनला रेंज नसते. कुणाला अनुभव असेल तर प्लीज सांगा, सेन्सर बदलू का आधी?

टू_स्ट्रोक_नाना
सेन्सर आत्ता बदलू नका. पैसे जातील आणि दिवा तसाच राहील.

मी इचलकरंजीला ३१ वर्षं गॅरेज चालवलं, आता मुलाकडे मिनेसोटात डुलूथला असतो आणि त्याच्या दोन स्लेड मीच बघतो. कंपनी कुठलीही असू द्या, लिक्विड कूल्ड स्लेडचं कुलिंग सगळीकडे साधारण एकाच पद्धतीचं असतं. आधी एक काम करा, वही घ्या आणि दिवा नेमका कधी लागतो ते लिहून काढा. तुम्ही एका दमात दोन वेगळ्या गोष्टी लिहिल्यात, डोळा मारल्यासारखा लागतो आणि दोन-तीन मिनिटं लागून राहतो. या दोन्हीचं कारण एकच असेल असं धरून चालू नका. खड्ड्यातून जाताना लागतो का, हँडल वळवल्यावर लागतो का, उभं असताना का पळताना, भुसभुशीत बर्फात का कडक बर्फावर, दोघं बसल्यावर का एकटे असताना, हे सगळं लिहा. इंजिन उघडायच्या आधी एवढं झालं तर अर्धं काम झालं.

पुणेरी_वाचक
मी कधी स्नोमोबाइलवर बसलेलो नाही, गुलमर्गला लांबून बघितलीय तेवढीच, पण धागा वाचतोय. एक शंका. एवढ्या बर्फात फिरणाऱ्या गाडीला रेडिएटर कुठे असतो? समोर तर जाळी दिसत नाही.

मृदुला_सडबरी
@पुणेरी_वाचक, चांगला प्रश्न आहे आणि बर्फवाट यांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यातच आहे. बहुतेक गाड्यांना कारसारखा रेडिएटर नसतोच. मागचा रबरी पट्टा, ज्याला आपण ट्रॅक म्हणतो, तो ज्या अॅल्युमिनियमच्या बोगद्यात फिरतो त्याला टनेल म्हणतात. त्या टनेलच्या आतल्या बाजूला, छताला, काही गाड्यांत पायठेवणीच्या खालीसुद्धा, लांबट पोकळ पट्ट्या बसवलेल्या असतात आणि त्यातून कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं द्रव, फिरतं. ट्रॅक फिरताना जो बर्फ वर उडवतो तो त्या पट्ट्यांवर आपटतो, वितळतो, आणि कूलंट गार होतं. म्हणजे इंजिन गार ठेवतो तो उडालेला बर्फ, नुसती थंड हवा नाही. त्यामुळे उणे १८ असलं तरी खाली काचेसारखा बर्फ असेल आणि ट्रॅकला उडवायला काही मिळत नसेल तर इंजिन तापणारच.

मी इथे उत्तर ऑन्टारिओमध्ये दहा-बारा वर्षं चालवतेय, गोठलेल्या तळ्यांवर हे नेहमी होतं. वारा सगळा भुसभुशीत बर्फ उडवून नेतो आणि खाली नुसतं आइस उरतं.

अर्थिंग
नानांशी शंभर टक्के सहमत. माझं काम ऑटो इलेक्ट्रिकचं, तर दिव्याच्या बाजूने सांगतो.

२००४ ची, बॅटरी नसलेली, काटा नसलेली गाडी म्हटल्यावर बहुधा एका वायरचा टेंपरेचर स्विच असणार. सेन्सर सेन्सर म्हणतात पण तो सेन्सर नाही, साधा स्विच आहे. कूलंट ठराविक गरम झालं की आतली पत्ती वाकते, वायर इंजिनच्या धातूच्या बॉडीला जोडली जाते, म्हणजे अर्थ होते, आणि दिवा लागतो. आता विचार करा, ती वायर स्विचपासून मीटरपर्यंत जाताना मधे कुठेही घासून उघडी पडली आणि बॉडीला टेकली तर काय होईल? दिवा लागेल, इंजिन बर्फासारखं गार असलं तरी लागेल. दिव्याला काय माहीत अर्थ कुठून मिळाला ते.

आणि मोठी खूण ही. उष्णता एका सेकंदात चढत नाही आणि एका सेकंदात उतरत नाही, एवढं धातू आणि एवढं कूलंट असतं. म्हणून धक्क्याबरोबर लुकलुकणारा दिवा म्हणजे वायर किंवा लूज कॉन्टॅक्ट. हळूच लागून टिकून राहणारा दिवा मात्र खरा मानायचा, तिथे वायरवर ढकलून मोकळं व्हायचं नाही.

टेस्ट सोपी आहे. स्विचवरची टोपी काढा, वायर मोकळी करा, टोकाला टेप गुंडाळा. इंजिन चालू करा. आता दिवा लागायलाच नको. मग हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा, हुडखालचं वायरिंग हाताने हलवा, पुढचा भाग थोडा दाबा-सोडा. दिवा लुकलुकला की वायर कुठंतरी खाल्ली गेलीय. त्यानंतर तेच टोक इंजिनच्या उघड्या धातूला टेकवून बघा, दिवा लागला पाहिजे, म्हणजे बल्ब आणि पुढची लाइन ठीक. फिरणाऱ्या क्लचपासून आणि बेल्टपासून हात आणि गळ्यातला मफलर लांब ठेवा. आणि बाकीचे दिवे पण सोबत लुकलुकतात का तेही बघा, तसं असेल तर व्होल्टेज रेग्युलेटर किंवा मेन अर्थकडे बघावं लागेल.

नवीन इंजेक्शनच्या गाडीवर मात्र हे करू नका, तिथे दोन वायरचा खरा सेन्सर असतो, गरम झाला की त्याचा रेझिस्टन्स कमी होतो, तो मीटर लावून मोजायचा असतो.

झपाटा_६००
एवढं कशाला, थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंट अडवणारी झडप, काढून टाका. मित्राने काढला, दोन सीझन झाले, दिवा परत कधी लागला नाही. आपल्याकडे ट्रकवाले पण काढतात की.

टू_स्ट्रोक_नाना
झपाटा, राग मानू नका पण हा सल्ला कुणी घेऊ नये म्हणून स्पष्ट लिहितो. आपल्याकडे घाटात उन्हाळ्यात ट्रकचा थर्मोस्टॅट काढायचे, मीही काढलेत, तिथली हवा ४० डिग्री. इथं हवा उणे २०. थर्मोस्टॅट काढला की कूलंट पहिल्या मिनिटापासून मागच्या पट्ट्यांतून फिरतं आणि इंजिन कधी नीट गरमच होत नाही. टू-स्ट्रोकमध्ये पिस्टन अॅल्युमिनियमचा, वरून त्यालाच आच लागते, तो आधी फुगतो. सिलिंडरभोवती गारढोण पाणी असेल तर तो त्या मानाने फुगत नाही, मधली फट संपते आणि पिस्टन धरतो. याला कोल्ड सीज म्हणतात. दिवा लागणार नाही हे खरं, पण पिस्टन अडकेल. मुलाच्या मित्राचा पिस्टन मी स्वतः बाहेर काढलाय, चारी बाजूंना उभे चार ओरखडे, जसं पत्र्यावर खिळ्याने ओढावं. सकाळी स्टार्ट करून लगेच फुल थ्रॉटल दिला होता पोराने.

थर्मोस्टॅटवर शंका असेल तर काढून स्वयंपाकघरात जुन्या पातेल्यात पाण्यात दोऱ्याने लटकवा, तळाला टेकू देऊ नका, थर्मामीटर ठेवा आणि पाणी तापवा. त्याच्यावर जो आकडा कोरलेला असतो त्याच्या आसपास उघडला पाहिजे आणि गार होताना पूर्ण मिटला पाहिजे. अर्धवट उघडून अडकत असेल तर नवीन टाका. ते पातेलं परत जेवणाला वापरू नका.

झपाटा_६००
ओके नाना, कोल्ड सीजचं हे मला माहीत नव्हतं. मित्राला लिंक पाठवतो धाग्याची, त्याचीही अजून तशीच चालू आहे.

बर्फवाट
सगळ्यांचे मनापासून आभार. शनिवार-रविवार मिळून जवळपास ९० किलोमीटर चालवली, एक दिवस एकटा, एक दिवस दोघं, आणि नाना म्हणाले तसं खिशात छोटी वही ठेवली, हातमोजा काढून पेन्सिलने लिहिलं कारण पेनची शाई गोठते. लिहिल्यावर मलाच आश्चर्य वाटलं.

लुकलुकणं एकूण अकरा वेळा. त्यातलं नऊ वेळा हँडल डावीकडे वळवलेलं असताना, बाकी दोन वेळा मोठ्या धक्क्याला. उजवीकडे वळताना एकदाही नाही.

लागून राहणं दोन वेळा. एकदा पोर्टेज कालव्याच्या बर्फावर, वाऱ्याने तो भाग पार धुऊन काढल्यासारखा झाला होता, आम्ही दोघं होतो, सात-आठ मिनिटांनी दिवा लागला. दुसऱ्यांदा लिफ्ट ब्रिजपाशी. इथल्या पुलाला दोन मजले आहेत, खालचा मजला पूर्वी रेल्वेसाठी होता आणि आता हिवाळ्यात त्यावरून स्नोमोबाइल जातात, तिथं पुढच्या घोळक्यासाठी थांबलो होतो, इंजिन चालूच ठेवलं होतं, तेव्हा लागला. पलीकडे जाऊन ट्रेलच्या कडेच्या भुसभुशीत बर्फात घातली तर मिनिट-दीड मिनिटात विझला.

मृदुला_सडबरी
वा, आता चित्र स्पष्ट झालं. डावं वळण अर्थिंग यांच्याकडे, कालवा आणि पूल माझ्याकडे.

तुमच्या गाडीला स्क्रॅचर आहेत का? म्हणजे मागच्या सस्पेन्शनच्या रेलला दोन्ही बाजूंना स्प्रिंगच्या तारेचे दोन हात असतात, खाली सोडले की टोकं बर्फावर घासत जातात आणि बर्फाचा चुरा उडवतात, तो ट्रॅकबरोबर वर जाऊन पट्ट्यांवर बसतो. कडक ट्रेलवर आणि तळ्यावर ते सोडायचे, भुसभुशीत बर्फात वर अडकवून ठेवायचे. रिव्हर्स घेण्याआधी तारेचे स्क्रॅचर आठवणीने वर घ्यायचे नाहीतर वाकतात. त्याने कुलिंग तर होतंच, पण ट्रॅक ज्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांवर घसरतो त्यांनाही बर्फाचंच वंगण लागतं, ते मिळालं नाही की त्या वितळतात, मग जळक्या प्लॅस्टिकचा वास येतो.

दुसरं, मागे ट्रॅकच्या पाठीमागे रबरी पडदा लोंबतो तो शाबूत आहे का बघा. स्नो फ्लॅप. लोकांना वाटतं तो फक्त मागच्या माणसावर बर्फ उडू नये म्हणून आहे. पण तो उडालेला बर्फ अडवून परत टनेलमध्ये टाकतो. तो फाटला असेल किंवा कुणी कापला असेल तर बर्फ सरळ मागे निघून जातो.

आणि थांबताना इंजिन बंद करत जा. उभ्या स्लेडला कुलिंग जवळजवळ नसतंच. दुकानातल्या शेडमध्ये वीस मिनिटं नुसती चालू ठेवली हे वाचून मला जरा वाईटच वाटलं.

टू_स्ट्रोक_नाना
मृदुलाताईंनी सगळं बरोबर सांगितलं. त्यात एक भर. सात-आठ मिनिटांत दिवा लागणं मला जरा लवकर वाटतंय, दोघं बसलेले धरूनसुद्धा. कूलंट बघा. गाडी रात्रभर गार झाल्यावरच टोपी उघडा, गरम असताना अजिबात नाही, वाफेचा फवारा तोंडावर येतो. बाटलीवरच्या खुणेच्या खाली असेल तर कुठंतरी जातंय आणि त्या जागी हवा शिरलीय. हवेचा बुडबुडा स्विचपाशी किंवा हेडच्या, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणाच्या, वरच्या भागात अडकला की कधी दिवा लागतो, कधी नाही.

स्टार्ट केल्यावर बाटलीत सारखे बुडबुडे येतात का, गार इंजिन सुरू केल्या केल्या होज पाइप दगडासारखा टणक होतो का, धुराला गोडसर वास आणि पांढरा रंग आहे का, हेही बघा. तसं असेल तर हेड गॅस्केट, म्हणजे त्या झाकणाखालचं सील, गेलंय आणि मग गाडी चालवू नका.

बर्फवाट
अपडेट. फ्लॅपचा खालचा अर्धा भाग फाटून गेलाय. मी विकत घेतली तेव्हापासून तसाच आहे, मला वाटायचं तो तेवढाच असतो. स्क्रॅचर नाहीतच, रेलवर बसवायची भोकं मात्र आहेत, म्हणजे आधीच्या माणसाने काढून घेतले असावेत.

कूलंट बाटलीतल्या खुणेच्या चांगलं तीन बोटं खाली. बुडबुडे नाहीत, होज मऊ आहे, धूर नेहमीसारखा निळसर, तेलाच्या वासाचा. मग गळतं कुठं ते काही सापडेना, खाली पुठ्ठा टाकला तर पुठ्ठा कोरडा. पण ते गॅरेजमध्ये, हीटर चालू असताना. नंतर सहज म्हणून गाडी रात्री बाहेर ठेवली आणि सकाळी सरकवली तर मागच्या बाजूला बर्फावर रुपयाएवढा हिरवा ठिपका!!

आणि वायर. अर्थिंगभाऊ, तुमच्या टेस्टप्रमाणे टोपी काढली, हँडल डावीकडे पूर्ण वळवलं, दिवा लागला. हुड उघडून हेडलॅम्प लावून शोधलं. स्टिअरिंगचा दांडा जिथून वर येतो तिथे वायरिंग प्लॅस्टिकच्या टायने फ्रेमला बांधलेलं असणार, तो टाय तुटलाय, वायर लोंबून दांड्याच्या ब्रॅकेटला घासत होती. मोहरीच्या दाण्याएवढी जागा आहे, त्यातून तांब्याचे दोन-तीन धागे दिसतात, आणि समोर ब्रॅकेटवर तेवढाच एक चकचकीत ठिपका पडलाय. चार वेळा बॅटरी मारली तिथून, पाचव्यांदा दिसलं.

अर्थिंग
सापडली! तो चकचकीत ठिपका म्हणजेच तुमचा नऊ वेळा लागलेला दिवा. नुसती काळी टेप मारून सोडू नका, थंडीत तिचा चिकटपणा जातो आणि सुटते. तेवढा तुकडा कापून सोल्डर करा, वर हीट श्रिंक नळी, आणि मग वायर मूळच्या जागी दोन टायने बांधा, हँडल दोन्हीकडे पूर्ण वळेल एवढी ढील ठेवून. ब्रॅकेटची धार कानसने मारा.

टू_स्ट्रोक_नाना
हिरव्या ठिपक्याचं कारण जुबिली क्लिप, म्हणजे होज आवळून धरणारी पट्टी, असणार. थंडीत रबर आकसतं, कडक होतं, आणि जुनी क्लिप त्याला पुरेशी धरत नाही. गार असताना थेंब थेंब पाझरतं, इंजिन तापलं की रबर फुगून आपोआप बंद होतं. म्हणूनच दुकानात गरम शेडमध्ये दिसलं नाही आणि तुमच्या गॅरेजमध्येही नाही. मागच्या पट्टीला जे होज जोडलेत तिथे हात फिरवा, चिकट लागेल. क्लिपा नवीन टाका, होज चिरला असेल तर होज पण.

भरताना अॅल्युमिनियम इंजिनला चालणारं कूलंट घ्या, निम्मं कूलंट निम्मं डिस्टिल्ड वॉटर, नळाचं पाणी नको. मग हवा काढायची. तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये गाडीचं पुढचं टोक उचलायचं का मागचं ते दिलेलं असेल, तेच करा, त्यात अंदाज नको. हवा काढायचा ब्लीड स्क्रू असेल तर त्यातून बुडबुडे थांबून सलग कूलंट येईपर्यंत उघडा ठेवा. होज हाताने दाबत राहा.

थर्मोस्टॅट उघडला की नाही हे हातानेच कळतं. इंजिन तापल्यावर मागच्या पट्ट्या आधी गार असतात आणि मग एकदम कोमट व्हायला लागतात. इंजिन बंद करून हात लावा. ट्रॅक उचलून गाडी चालवायची वेळ आली तर मागे कुणालाही उभं राहू देऊ नका, ट्रॅकमधून खडा, स्टड (पकडीसाठी ट्रॅकला लावलेला खिळा) काहीही गोळीसारखं सुटतं.

मृदुला_सडबरी
आणि तो हिरवा ठिपका खरवडून उचलून टाका. कूलंट गोडसर लागतं, कुत्री चाटतात, थोडंसुद्धा त्यांच्या जिवावर बेततं. आमच्या गल्लीत असं झालेलं आहे.

बर्फवाट
ठिपका लगेच उचलला, शेजाऱ्यांचा लॅब्राडॉर रोज आमच्या अंगणात येतो, त्यामुळे ताई तुमचा मेसेज वाचून पोटात गोळा आला.

काम संपलं. वायर सोल्डर केली. मागच्या डाव्या होजची क्लिप एवढी सैल होती की स्क्रू ड्रायव्हर लावून दीड फेरा फिरली, दोन्हीकडे नवीन टाकल्या. कूलंट भरलं, मॅन्युअलप्रमाणे हवा काढली, बराच वेळ गुळगुळ आवाज येत होता. थर्मोस्टॅट पातेल्यात तपासला, नीट उघडला-मिटला, परत बसवला. नवा फ्लॅप आणि स्क्रॅचर लावले.

आज दोघं मिळून ६५ किलोमीटर केले, जुन्या रेल्वेमार्गावरून, मुद्दाम तोच कालवा पण ओलांडला, स्क्रॅचर खाली सोडून. मागे वळून बघितलं तर दोन पांढऱ्या रेषा उमटत होत्या आणि चुरा टनेलमध्ये जाताना दिसत होता. दिवा एकदाही लागला नाही. बायकोने परतताना सांगितलं की ती पूर्ण वेळ माझ्या खांद्यावरून त्या दिव्याकडेच बघत होती.

टू_स्ट्रोक_नाना
छान झालं. स्विचची वायर परत जोडलीत ना? टेस्टनंतर लोक विसरतात आणि मग दिवा लागत नाही म्हणून खूश असतात. आणि पहिल्या लांब फेरीनंतर राहिलेली हवा निघून कूलंट थोडं खाली जातं, उद्या गार असताना परत बघा.

बर्फवाट
जोडलीय नाना, आणि टोक बॉडीला टेकवून दिवा लागतो हे बघूनच जोडली. कूलंट सकाळी बघून लिहितो.

बर्फवाट
सकाळी बघितलं. बोटभर खाली गेलं होतं, भरलं. बाहेर उणे २१ आहे, गाडी रात्रभर बाहेरच होती, सरकवून बघितली, खाली बर्फ पांढरा आहे.